गणसंख्येअभावी

बुधवार पेठेत एकदा एका माणसाचं मन भोंग्यावरून जाहीर झालं. ते ऐकून दगडूशेठच्या दारातल्या हारवाल्यांचे हात थांबले, दोन रिक्षावाल्यांनी एकमेकांना वाट दिली आणि एका दुकानदाराने गिऱ्हाइकाला स्वतःहून ‘बसा’ म्हटलं. यातलं शेवटचं तुम्हाला खोटं वाटणार, हे मला ठाऊक आहे. वाटू दे. बाकीचं अक्षरन् अक्षर खरं आहे, कारण तो भोंगा मीच दुरुस्तीला टाकला होता.

साल दोन हजार सहा, ऑगस्ट महिना. पाऊस असा, की पडतोय की नुसता लोंबकळतोय ते कळू नये. माधवरावांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात डाखाचा धूर भरलेला. भोंगा आणायला आमचा सचिव यज्ञेश्वर गेला होता. वय तीस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, वाघोलीच्या एका कॉलेजात तासावर गणित शिकवायचा. माधवरावांनी शेवटची तार जोडली आणि म्हणाले, “बोलून बघा.”

यज्ञेश्वर बोलणार, तेवढ्यात पावसातून एक मुलगी दुकानात शिरली. केसांत पेन्सिल खोचलेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात मेलेला चार्जर. ओल्या बाहीने तिने कपाळ पुसलं… आणि आमचा सचिव भोंगा हनुवटीपाशी तसाच धरून माधवरावांकडे वाकला.

“अहो, आधी त्यांचं बघा… नाही, ओळख नाही हो… असती तर… म्हणजे… बरं झालं असतं.”

‘बरं झालं असतं’ समोरच्या भिंतीवर आपटून परत आलं. रस्ता थांबला.

माधवरावांनी डाख द्यायच्या कावियाचं टोक पुसलं. “आवाज स्वच्छ येतोय. पुढची दुरुस्ती तुमची तुम्ही करा.”

मुलगी हसली. ओठांनी नाही, तिच्या केसांतली पेन्सिल तेवढी हलली. “ओळख नाही हे आता अख्ख्या पेठेला कळलं. तर करून घेऊ ना. मी प्रियदर्शनी मेश्राम. गोंदियाची. तुम्ही?”

“यज्ञेश्वर.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. आम्ही आडनाव लावत नाही.”

“आम्ही म्हणजे?”

त्याने वर बोट केलं. दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली आमची पाटी होती : श्रमिक एकजूट. “आमची संघटना. कोणीच लावत नाही. आडनावात जात असते ना.”

“आडनावात जात,” ती म्हणाली, “अन् तुमच्या नावात अख्खा होम पेटून राहिलाय, त्याचं काय?”

माधवरावांनी तिला ‘बसा’ म्हटलं ते तेव्हा.

ती बसली नाही. पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कामगारांची संघटना आहे? मग मला वरच यायचंय.”

*

आता त्या बिनआडनावाच्या नियमाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही आम्हाला खुळे समजाल.

आमचे अध्यक्ष सोनबा. हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर तीस वर्षं घालवलेला माणूस. त्यांच्या तरुणपणी कारखान्यात पाण्याचे दोन माठ होते, आणि कोणी कुठल्या माठाला हात लावायचा ते आडनावावरून ठरायचं. संपाच्या पहिल्या दिवशी सोनबांनी दोन्ही माठ फोडले. मग संघटनेचं रजिस्टर उघडलं आणि आडनावाच्या रकान्यावर उभी रेघ मारली. “इथं फकस्त कामगार हाय,” म्हणाले. तेव्हापासून सगळे नुसत्या नावाचे. त्या एका रेघेवर आम्ही चार संप जिंकलो. मीही त्या रेघेमागे सुखाने बसलो होतो. मी म्हणजे सुखदेव, संघटनेच्या पत्रकांची मुद्रितं तपासणारा. माझं आडनाव तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटायचं.

प्रियदर्शनीने वर येऊन जे सांगितलं ते असं. हडपसरला काचेची एक सात मजली इमारत, सॉफ्टवेअरची कंपनी. ती तिथे टेस्टर. “दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो,” असं तिने ओळख करून दिली. इमारतीत ठेक्यावर बासष्ट बायका कामाला. निम्म्या पँट्रीत चहा-कॉफी देतात, निम्म्या संडास धुतात. मुक्ताई नावाची बाई पाचव्या मजल्यावरचे संडास धुवायची. तिला गुडघ्यांचं दुखणं, म्हणून तिने पँट्रीतलं काम मागितलं. ठेकेदार म्हणाला, जमणार नाही. का? ते नाही सांगितलं.

“मग मी विचारत सुटले,” प्रियदर्शनी म्हणाली. “कामावर घेताना ठेकेदार शिक्षण विचारत नाही, अनुभव विचारत नाही. एकच विचारतो, आडनाव काय? अन् मग कोणाच्या हातात कपबशी, कोणाच्या हातात ब्रश, ते ठरते.”

सोनबा खोकले. “पगार किती देतोय?”

“तोही कमीच आहे. पण—”

“मंग पगारापासनं धरू. पोटाचं आधी. बाकीचं मागनं येतंय आपसूक.”

तिने यज्ञेश्वरकडे पाहिलं. तो रजिस्टरमध्ये बघत होता… पण त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती, हे मी बाजूने पाहिलं.

*

त्यानंतरचे रविवार त्या दोघांचे.

मुक्ताईच्या वस्तीत घरोघर जाऊन यादी करायची होती. स्वारगेटहून हडपसरची बस, दोघांच्या बाकावर दोघं, मधे कागदांची पिशवी. तिसऱ्या रविवारी पिशवी मांडीवर गेली. सहाव्या रविवारी ती पायाखाली होती. छत्री एकच असायची. दोन असत्या तरी एकच उघडली गेली असती.

बस खड्ड्यात गेली की तिची पेन्सिल केसांतून घसरायची आणि तो ती झेलायचा. एकाच फेरीत एकवीस वेळा झेलली, असं मुक्ताई पुढे शपथेवर सांगायची. मी बावीस म्हणतो.

“तुम्ही मला अजून अहो-जाहो का करून राहिलात?” एकदा तिने विचारलं.

“संघटनेत सगळ्यांना आपण… म्हणजे… आदराने…”

“मुक्ताईला तू म्हणता.”

मग तो मुक्ताईच्या दारात जाऊन, अगदी कमरेत वाकून म्हणाला, “मुक्ताई, तुम्ही कशा आहात?”

मुक्ताई घाबरली. “काय झालं दादा? कुनी गेलं का?”

प्रियदर्शनी इतकी हसली, की तिला दाराची चौकट धरावी लागली. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, “त्यांना तुम्ही, मला तू. आजपासून. ठराव समज.”

“सूचक?”

“मी.”

“अनुमोदक… मी,” तो म्हणाला. आणि खिडकीबाहेर बघू लागला. खिडकीला काच नव्हती, सगळा पाऊस त्याच्या तोंडावर येत होता, पण मान वळवायची सोय राहिली नव्हती.

जो ठराव मांडतो तो सूचक, दुसऱ्याने पाठिंबा दिला की तो अनुमोदक. दोघांशिवाय ठराव होत नाही. आमच्या लोकांना साधा चहा मागवायचा तरी दोघं लागायची. प्रेमालाही तीच पद्धत लागू, एवढाच त्याचा समज होता.

*

यादी डिसेंबरात पूर्ण झाली. प्रियदर्शनीच्या टपोऱ्या अक्षरात बासष्ट ओळी : नाव, आडनाव, काम. त्या तीन रकान्यांवरून नुसती नजर फिरवली तरी सगळा प्रकार आरशासारखा दिसायचा. तिने ती सचिवाच्या हातात दिली आणि म्हणाली, “सांभाळ. यात माझा शब्द आहे. मुक्ताईला दिलेला.”

यज्ञेश्वरने ती सांभाळली. तीन दिवस खपून त्याने कंपनीला द्यायच्या निवेदनाला जोडण्यासाठी ती टाइप केली. मुद्रितं मीच तपासली. एक वेलांटी चुकली नव्हती. आणि आम्हा दोघांनाही… शपथेवर सांगतो, दोघांनाही… काही खटकलं नाही. संघटनेच्या शिरस्त्याप्रमाणे त्याने फक्त नावं टाइप केली होती.

निवेदन गेलं, दारात सभा झाली, भोंगा गरजला. एकोणीस दिवसांत सगळ्यांची पगारवाढ झाली. दुसऱ्या मागणीबद्दल, म्हणजे कामाच्या वाटणीबद्दल, कंपनीचं एका ओळीचं उत्तर आलं : सोबतच्या यादीतील नावांवरून कोणताही भेदभाव दिसून येत नाही.

पेढे वाटले. मुक्ताईने पेढा घेतला, अर्धा पदराला बांधला आणि विचारलं, “ताई, मंग उद्यापासनं मी च्या द्यायला ना?”

प्रियदर्शनीने निवेदनाची प्रत मागवली. जिन्यात उभ्याने वाचली. वर आली तेव्हा पेन्सिल तिच्या मुठीत होती.

“रकाना कुठे गेला?”

“कुठला?”

“आडनावाचा.”

“आपल्यात आडनावं…” यज्ञेश्वर बोलता बोलता थांबला. त्याला तेव्हा दिसलं. माणसाला आपली चूक दिसते तेव्हा तो एकदम लहान होतो, तसा झाला.

“ठेकेदार आडनाव विचारून कामं वाटतो, अन् तू ती खोडतो. मग त्याला पकडायचं कशावरून? चोर सापडला होता यज्ञेश्वर. त्याच्या बोटांचे ठसे तू पुसून दिले. धुतलेल्या फडक्यानं.”

सोनबा म्हणाले, “पोरी, पगार तर वाढला ना? एकजूट तुटली नाय.”

“कोणाची एकजूट, बाबा? चहावालीचा पगार वाढला, संडासवालीचा वाढला. ब्रश ज्याच्या त्याच्या हातात राहिला.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “मला सभा पाहिजे. विषय एक : रजिस्टरात आडनावाचा रकाना. ज्याला लिहायचं त्यानं लिहावं, पण रकाना पाहिजे.”

*

सभा मार्चातल्या एका रविवारी, दुपारी चार. गणसंख्या सात. आले सहा.

सातवा मी.

मी जिन्यात होतो. तीन पायऱ्या खाली, भिंतीला टेकून. आत गेलो असतो तर गणसंख्या पुरी झाली असती, विषय निघाला असता, आणि कोणीतरी साहजिकच म्हटलं असतं, सुखदेव, तुझ्यापासून सुरू करू. मला त्याची भीती वाटली. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात मला ज्या माठाला हात लावू दिला नव्हता, तो कुठला हे मी सोनबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी सोनबांनी घड्याळ पाहिलं. “गणसंख्येअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासानं हितंच. मंग गणसंख्येची अट न्हाई.” सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत आपल्याकडे हाच रिवाज. तिघं चहाला माझ्या अंगावरून खाली गेले. सोनबा खुर्चीत पेंगले. आत ती दोघं राहिली, आणि दाराच्या फटीशी माझा कान.

“पुढच्या आठवड्यात मी चालले,” प्रियदर्शनी म्हणाली. “कंपनी एडिंबराला पाठवून राहिली. दोन वर्षं.”

“…हे कधी ठरलं?”

“महिना झाला. सभेसाठी थांबले होते.”

“सभेसाठीच?”

“आणखी कशासाठी थांबायचं असेल तर तू सांग ना.”

खाली माधवराव कोणाचा तरी टेपरेकॉर्डर वाजवून बघत होते. मग पानं उलटल्याचा आवाज. यज्ञेश्वरने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं असावं, कारण ती वाचू लागली, हळू… अडखळत.

“विषय दोन. सचिवांची आत्मटीका. यादीतील चूक सर्वस्वी सचिवांची असून ती ते मान्य करतात. तसेच त्यांचे असे मत झाले आहे की यापुढील सर्व सभांना, मोर्च्यांना, बसप्रवासांना व जेवणांना प्रियदर्शनी यांनी त्यांच्या शेजारी बसावे… सूचक, यज्ञेश्वर. अनुमोदक…”

तिथे रेघ होती. कोरी.

“जेवणांना पण?” तिचा आवाज ओला होता आणि हसराही.

“दोन्ही वेळच्या.”

“लिहायला काय भाषा सापडली रे तुला!”

“दुसरी येत नाही.”

आता पेन्सिल रेघेवर टेकणार, असं वाटलं. टेकलीच होती, असं मी आजही म्हणतो.

“एक सांग,” ती म्हणाली. “घरी काय सांगशील? तुझ्या आईला. कोण म्हणून सांगशील मला?”

“प्रियदर्शनी म्हणून.”

“पुढे?”

“पुढे कशाला? नुसती प्रियदर्शनी. आडनावाची गरजच काय…”

त्याला वाटलं, आपण फार मोठं बोललो. ते दाराच्या फटीतूनही कळत होतं.

“नुसती,” ती म्हणाली.

“तसं नाही गं—”

“माझे आजोबा मेश्राम म्हणून वर्गाच्या बाहेर बसून शिकले. बाबा तेच नाव घेऊन त्याच शाळेत हेडमास्तर झाले. आमच्या दारावर पितळी पाटी आहे, दर रविवारी बाबा स्वतः घासतात, आईला हात लावू देत नाहीत. अन् तू मला नुसती करून घरात नेणार? मागच्या दारानं?”

“मी माझंही सोडलंय ना! बरोबरीने—”

“तू आडनावाचा शेला खुंटीला टांगला आहेस. टांगला तरी घरात आहे, सगळ्यांना दिसतो. मी सोडलं तर माझ्याकडे मागे काय उरते?” आणि मग अगदी हळू, “यादीत केलं तेच परत केलंस रे. चांगल्या मनानं केलंस. त्याचंच जास्त लागते.”

दार उघडलं. मला बाजूला सरकायलाही वेळ मिळाला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण नजर टेस्टरची.

“काका, तुम्ही सातवे होतात. आत का नाही आलात?”

त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला नऊ वर्षांनी दिलं.

ती उतरून गेली. आत सोनबा जागे झाले. “झाला का अर्धा तास? कोन कोन हाय?”

यज्ञेश्वर म्हणाला, “नाही झाला अजून.”

*

आणि तो होऊच दिला नाही त्याने. नियमाने ती सभा तिथेच, एकट्यानेसुद्धा उरकता आली असती. पण ज्या सदस्याचा विषय आहे तो आल्याशिवाय आपण वृत्तांत लिहिणार नाही, असं सचिवाने सांगितलं. आणि तहकूब सभा पुरी झाल्याशिवाय पुढची घेता येत नाही. परिणाम असा, की पुढे नऊ वर्षं श्रमिक एकजूटची एकही अधिकृत सभा झाली नाही. मोर्चे निघाले, दोन संप झाले, एक तर आम्ही जिंकलोही. सगळं अनौपचारिक.

सदस्याला सभेची सूचना नोंदणीकृत पत्त्यावर पाठवावी लागते. तिचा पत्ता गोंदियाचा. दर मार्चात यज्ञेश्वर रजिस्टर पोस्टाने सूचना पाठवायचा : दिनांक अमुक रोजीची तहकूब सभा घेण्याचे योजिले आहे, तरी आपण उपस्थित राहावे. एक शब्द जास्त नाही. पण तो लिफाफा चिकटवताना किती वेळ हातात धरायचा, ते मी बघत होतो. पंधरा दिवसांनी गुलाबी पोचपावती परत यायची. सही तिच्या वडिलांची, पल्लेदार : भा. रा. मेश्राम. यज्ञेश्वर ती सही न्याहाळायचा. आपल्या माणसाच्या गावाहून आलेला निदान कागद तरी!

सूचनेसोबत एक जोडपत्र जायचं. तीच यादी, प्रत्येकीला विचारून नव्याने भरलेली. त्या बासष्ट बायका एव्हाना पांगल्या होत्या. ठेके बदलले, वस्त्या उठल्या, काही जणी वाघोलीपलीकडे गेल्या. तो सायकलवर एकेकीला शोधत फिरायचा. दारात उभा राहून विचारायचा, “मागे मी तुम्हाला न विचारता तुमचं आडनाव खोडलं होतं. आता लिहू का?” बासष्ट ओळींच्या वर त्याने स्वतःचं लिहिलं होतं, यज्ञेश्वर वैशंपायन, आणि पुढच्या रकान्यात, ‘यांस ठेकेदाराने कधीही काही विचारले नाही.’ काही जणी हसल्या, काही रडल्या, काही म्हणाल्या, नको बाबा, पोरांची लग्नं व्हायचीत. तिथे तो लिहायचा : विचारले, नको म्हणाल्या. पहिल्या वर्षी सात नावं. दुसऱ्या वर्षी बारा.

ही यादी घेऊन मुक्ताई तिसऱ्या वर्षी स्वतः साहेबाच्या केबिनमध्ये गेली. पाचव्या मजल्यावर तिच्या हातचा पहिला चहा ज्या दिवशी निघाला, त्या दिवशी सगळी इमारत थांबली होती म्हणतात. इमारत कशी थांबेल? पण म्हणतात.

सोनबांना दिसेनासं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी एक दिवस रजिस्टर मागितलं, पट्टी मागितली. चाचपडत रकाना आखला, अनौपचारिक. “माठ फोडले तवा वाटलं, झालं काम,” म्हणाले. “माठ भरायला पानी कोन आनतंय, ते इचारायचं ऱ्हाऊनच गेलं.” अध्यक्षपद त्यांनी मुक्ताईला दिलं.

आणि यज्ञेश्वर? केस पिकले. काडीचा दोरा बदलला. रविवारी हडपसरची बस समोरून गेली, की तो वाक्य अर्ध्यात सोडायचा. पाऊस आला की एकच छत्री… उघडायचीच नाही. तिच्याबद्दल कधी बोलला नाही. फक्त एकदा, सातव्या वर्षी, पोचपावती हातात घेऊन म्हणाला, “सुखदेवकाका, या वेळी शाई निळी आहे. दर वेळी काळी असते.” मी म्हटलं, पेन संपलं असेल मास्तरांचं. “हो, तेच असेल,” म्हणाला, आणि दिवसभर ती खिशात घेऊन फिरला.

नवव्या वर्षी बासष्ट ओळी भरल्या. सूचना गेली. पोचपावती आली. सही निळी, टपोरी : प्रियदर्शनी मेश्राम.

*

या वेळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. हाताला चाळा म्हणून भोंगा मांडीवर घेतला.

चारला पाच कमी असताना जिना वाजला. तीच चाल. केसांत पेन्सिल, कपाळाशी थोडी चांदी. हातात एका दोऱ्यात बांधलेले नऊ लिफाफे. ती दारात थांबली. यज्ञेश्वर उठला, बसला, परत उठला.

“काका,” ती आधी मलाच म्हणाली, “आज आत?”

“तेव्हा भ्यालो होतो, पोरी. माझं आडनाव आवळे. सुखदेव आवळे. चाळीस वर्षं त्या रेघेमागे लपलो होतो.” वाक्य एवढंसं, पण तोंडातून निघताना गाडीभर वाटलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बस्स, एवढंच.

अध्यक्षीण मुक्ताईने टेबल वाजवलं. “सचिव, अर्धा तास झाला का वो?”

“झाला,” यज्ञेश्वर म्हणाला.

“लईच लांबला. घ्या मंग इषय. पयला तर झाल्यागतच हाय, रकाना आखलाय बाबांनी. मंजूर. दुसरा?”

दुसरा त्याला वाचता येईना. चष्मा पुसला, परत पुसला. शेवटी प्रियदर्शनी त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि रजिस्टर आपल्याकडे वळवलं. पान पिवळं पडलं होतं. अनुमोदक. पुढे रेघ, कोरी.

“कशी होतीस?” त्याने विचारलं. नऊ वर्षांनी एवढंच सुचलं त्याला.

“एडिंबरा, मग बंगळूर, मग हैदराबाद. दोन स्थळं आली. दोघांनाही लिफाफे दाखवले. दोघंही म्हणाले, ह्या तर सभेच्या सूचना आहेत.” ती थांबली. “त्यांना वाचताच आल्या नाहीत… बाबांना आल्या. मागच्या दिवाळीत म्हणाले, हा माणूस दर वर्षी तुझं नाव पाकिटावर पूर्ण लिहितो, बघितलंस का? अन् आता यादी पुरी झाली. माझा शब्द पाळलास तू.”

“उशीर झाला.”

“झाला.” तिने पेन्सिल केसांतून काढली. “माझा प्रश्न मात्र अजून तहकूब आहे. घरी काय सांगशील?”

“सांगितलंय. तू गेलीस त्याच संध्याकाळी. प्रियदर्शनी मेश्राम म्हणून.”

“अन् आई?”

“दोन महिने बोलली नाही. मग वर्षभर जे बोलली, त्यापेक्षा न बोललेलं बरं होतं. अजूनही हो म्हटलेलं नाही तिने, खोटं सांगत नाही. पण नाव पूर्ण घेते. आज निघताना म्हणाली, ‘तुझ्या त्या मेश्रामबाई येणार असतील तर चहाला घरी आण. उभ्या उभ्या परत पाठवू नकोस, तेवढी अक्कल असू दे.’”

ती हसली. या वेळी ओठांनीसुद्धा.

“आडनाव माझं हेच राहणार. नंतरही.”

“राहावंच.”

“अन् तुझ्या आईशी भांडण झालं तर मी गप्प बसणार नाही.”

“तीही नाही बसणार.”

“जेवणांना शेजारी. दोन्ही वेळच्या?”

“इतिवृत्तात आहे तसं.”

तिने पेन्सिल ठेवली. त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, शाईचं, खोडता न येणारं, आणि त्या कोऱ्या रेघेवर टपोऱ्या अक्षरात नाव लिहिलं. रेघ नुसत्या नावापुरतीच सोडली होती त्याने तेव्हा. ‘मेश्राम’ समासात गेलं, समास ओलांडून पानाच्या कडेला टेकलं. त्याने पान हाताने धरून ठेवलं, अक्षर खाली पडू नये असं.

“वाचून दावा,” मुक्ताई म्हणाली. “सभेला कळाया पायजे.”

यज्ञेश्वरने वाचलं. “सूचक, यज्ञेश्वर वैशंपायन. अनुमोदक… प्रियदर्शनी मेश्राम.”

‘प्रियदर्शनी मेश्राम’ समोरच्या भिंतीवर आपटून परत आलं. खाली हारवाल्यांचे हात थांबले, रिक्षा थांबल्या, आणि माधवरावांचा कोरडा आवाज जिन्यातून वर चढला : “नऊ वर्षं टिकली म्हणायची दुरुस्ती. आता बंद करा तो भोंगा!”

सगळे माझ्याकडे वळले. भोंगा माझ्या मांडीवर होता, तोंड खिडकीकडे, आणि माझा अंगठा बटणावर. कधी दाबला गेला कोण जाणे. वय झालं की अंगठ्याला धरबंद राहत नाही.

मी तो लगेच काढला नाही.